गाठ सोडून बघू नये

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या बोटावर माझ्या बायकोचा विश्वास नाही. बाकी माणूस म्हणून मी तिला चालतो. घराच्या किल्ल्या, बँकेचं पासबुक, दह्याचं विरजण, सगळं ती माझ्या हाती देते. पण खडवलीला आमच्या नर्सरीत हिरव्या जाळीची एक शेड आहे, तिला कुलूप आहे, आणि त्या कुलपाची किल्ली गेली काही वर्षं सुनंदाच्या कमरेला आहे. नर्सरी माझी, शेड मी बांधली, कुलूपसुद्धा कल्याणच्या बाजारातून मीच आणलं. तरी मला आत जायचं असेल तर तिला बरोबर न्यावं लागतं आणि हात पाठीमागे धरून उभं राहावं लागतं. गिऱ्हाइकांना मी सांगतो, आत फार नाजूक माल आहे. खरं कारण आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

आमचा धंदा बाहेरून फार शांत दिसतो. रविवारी गाडी घेऊन येणारे लोक कुंड्यांच्या रांगांमधून हिंडतात आणि मला म्हणतात, "काय भाग्यवान हो तुम्ही, इथं नुसतं बसलं तरी मन शांत होतं." मी मान हलवतो. माझं मन बावीस वर्षांत एक दिवस शांत झालेलं नाही. कारण आमच्या कामातलं जे खरं काम आहे ते मातीखाली चालतं, आणि ते चाललंय की नाही हे कळायला काही मार्ग नसतो.

जास्वंदीचं बरं असतं. तिची फांदी तोडा, कुठेही खोचा, ती लागते. बसा म्हणायच्या आत पाय पसरून बसणाऱ्या पाहुण्यासारखी. मोगरा, अनंत, तगर, हे सगळे तसे सोयीचे. पण आपल्याकडची जी खरी मानाची झाडं, बकुळ, सीताअशोक, नागचाफा आणि सगळ्यांत वरचढ सुरंगी, यांची फांदी खोचली की ती महिनाभर हिरवीगार उभी राहते. तुम्ही खूश. आणि मग एका सकाळी ती काळी पडते. उपटून बघा, खाली एक मूळ नाही. महिनाभर ती फक्त शिष्टाचार म्हणून उभी होती.

हे उपटून बघणं, हाच माझा रोग.

मला या कामाला लावलं पांडूकाकांनी. खडवलीचेच, माझ्या जागेला लागून त्यांचं शेत. पहिल्याच वर्षी त्यांनी मला बकुळीच्या साठ काड्या लावून दिल्या. मी रोज एक उपटायचो, मूळ आलंय का बघायचो आणि परत खोचायचो. दोन महिन्यांनी काका आले, पिशव्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "शेठ, यांची रोज झडती घेतलीस काय रं?"

"नाही काका, एखादी फक्त बघितली."

"एखादी एखादी करत साठ झाल्या. तुला रोज कुनी अंथरुणातनं उचलून ढुंगनाखाली बघितलं तं तुला झोप लागंल काय?"

तेव्हापासून मला कळलं, आणि कळूनही काही उपयोग झाला नाही.

आता सुरंगी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातलं झाड, गडद जाड पानं, वाढ एकदम हळू. माघ-फाल्गुनात जुन्या फांद्यांनाच, अगदी लाकडाला चिकटून कळ्या येतात. फूल म्हणजे पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. वास असा की फूल वाळून कुरकुरीत झालं तरी जात नाही. बी रुजायलाच महिनोन्‌महिने लागतात आणि बियांपासून केलेल्या झाडाला फूल यायला दहा वर्षं धरून चला.

हेच मी घोडबंदर रोडच्या एका साहेबांना सांगितलं होतं. सत्ताविसावा मजला, वास्तुशांत जवळ आलेली. कुठल्याशा लग्नात सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, बघून आले होते. "दुर्मीळ काहीतरी हवं. बाल्कनीत. खर्चाची काळजी नको." मी उत्साहाने वेंगुर्ल्याकडून बियांची सात रोपं मागवली. साहेब आले, वीतभर उंचीची रोपं बघितली, विचारलं, "फुलं कधी?"

"दहा वर्षांनी."

ते हसले. मी हसत नाही असं दिसल्यावर ते थांबले आणि तीन पाम घेऊन गेले. साती रोपं माझ्याकडेच राहिली. दोन वर्षं एका कोपऱ्यात बसून पेन्सिलीएवढ्या जाडीची झाली. त्यांची आठवण ठेवा.

सामंतबाई आमच्याकडे आल्या त्या सुनंदामुळे. डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या, सुनंदा त्यांची विद्यार्थिनी. त्यामुळे मी त्यांचा आपोआप जावई झालो. बाईंची इमारत नवी होती तेव्हा त्यांनी गावाहून डब्यातून आणलेलं सुरंगीचं रोप कुंपणापाशी लावलं होतं. त्याचं आता मोठं झाड झालं होतं आणि त्याच्या दोन फांद्या बाईंच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीला टेकल्या होत्या. फुलं यायची ती नेमकी दहावीच्या परीक्षेच्या आधी. बाई वर्गातल्या प्रत्येक मुलीला एक फूल द्यायच्या, कंपासपेटीत ठेवायला. सुनंदाची कंपासपेटी आमच्या कपाटात आहे. कर्कटक गंजला, वास आहे.

"वास आला की घाबरायचं नाही, असं बाई सांगायच्या," सुनंदा म्हणाली. "मी प्रमेय विसरले, पण घाबरले नाही."

इमारत आता पाडायची होती. जुनी झालेली, सगळ्यांची संमती, रीतसर परवानग्या, कुणाचं काही चुकत नव्हतं. झाड मात्र नेमकं नव्या पायाच्या मधोमध येत होतं. दिवाळीनंतर घरं रिकामी करायची होती.

"जावईबुवा," बाई म्हणाल्या, "मला याच झाडाचं झाड हवं. नव्या इमारतीच्या फाटकाशी एक खड्डा सोडून घेतलाय, सेक्रेटरीकडून लेखी."

मी बियांचं सांगायला तोंड उघडलं.

"मी पंचाहत्तर वर्षांची आहे. अधिक दहा किती ते मला येतं. दुसरा उपाय सांगा."

दुसरा उपाय म्हणजे गुटी. फांदी झाडावरच ठेवायची, एका जागी बोटभर रुंदीची साल गोल सोलून काढायची, त्यावर ओलं शेवाळ दाबायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं आणि दोन्ही टोकांना सुतळीने बांधायचं. फांदीला वाटतं आपण तुटलो, आणि ती आत मुळं सोडते. मुळं आली की खालून कापून लावायची. सोपं आहे. अट एकच: आत हवा जाता कामा नये, म्हणजे गाठ सोडायची नाही. सुरंगीला तर दोन-तीन महिने.

पावसाळ्याच्या तोंडाला मी गॅलरीतून हात पोचेल अशा पाच फांद्यांवर पाच गुट्या बांधल्या. पांडूकाकांनी शिकवलेली गाठ, दोन वेढे, एक पीळ, टोक आत खुपसलेलं. बाईंना बजावलं, "हात लावायचा नाही."

"मला काय सांगता? मी परीक्षेत तीन तास मुलांना मान वळवू दिली नाही."

दर पंधरवड्याला मी खडवलीहून डोंबिवलीला जायचो. कारण सांगायचो की बाहेरून नजर टाकायला येतो. बाई चहा करायला आत गेल्या की मी एक गाठ सोडायचो. शेवाळ जरासं बाजूला. बघायचो. पहिल्या वेळी सालीच्या कडेला पांढऱ्या बारीक पुळ्या दिसल्या. मुळं येण्याआधी त्या येतात. मला नाचावंसं वाटलं. झटकन परत बांधलं. पुढच्या खेपेला तीच गुटी उघडली तर पुळ्या तपकिरी. मी दुसरी उघडली. तिसरी. तुम्हाला वाटेल, अनुभवी माणूस, कळत कसं नाही. कळतं हो. दात हलतो तेव्हा जीभ तिथेच का जाते, हेही कळतं.

श्रावण संपत आला तेव्हा चार गुट्या माझ्या हातून वाया गेल्या होत्या. पाचवीला मी शपथेवर हात लावला नव्हता. त्या दिवशी मात्र स्टुलावर चढलो, तिच्याकडे बघितलं आणि थबकलो. सुतळीला फुलपाखरी गाठ होती. शाळेच्या बुटाला बांधतात तशी, दोन्ही कान सारखे.

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

"बाई, ही गाठ कुणी बांधली?"

"तुम्हीच बांधलीत."

"मी अशी बांधत नाही."

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "मग बाकीच्या चार कुणी सोडल्या? पहिल्या दिवशी टोकं आत खुपसलेली होती. आता दोन गुट्यांची बाहेर लोंबतायत."

खाली कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता, तो पाचव्या शिट्टीला थांबला.

"मी फक्त पाचवी बघितली," बाई म्हणाल्या. "तीनदा."

"मी चार बघितल्या."

"म्हणजे दोघांनी मिळून पैकीच्या पैकी." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "चहा घ्या. गार होतोय."

त्या चहाची चव मला अजून आठवते, आणि ती चांगली नव्हती. पाच फांद्या सोलल्या गेल्या, पाची वाळल्या. त्या दिवशी परत येताना कल्याणला उतरलो, घरी जायची हिंमत होईना म्हणून बाजारात तासभर नुसता फिरलो. गरज नसताना दोन झाऱ्या घेतल्या.

घरी सुनंदाला सांगितलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट. तिने कपाटातली कंपासपेटी काढली, उघडली, हुंगली आणि परत ठेवली. एवढंच.

पांडूकाकांनी ऐकलं आणि म्हणाले, "आता कलम बांध. रोपं हायेत ना तुझी, साहेबानं टाकलेली? आनि कलम बांधून झालं की तुझं हात बांधून घे."

कलम म्हणजे एका झाडाच्या रोपावर दुसऱ्याची काडी बसवायची. मुळं रोपाची, वरचा संसार काडीचा. काडी फुलं धरणाऱ्या झाडाची असली की दहा वर्षं थांबावं लागत नाही. पण काडी तयार करावी लागते. आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापायची, देठ मात्र ठेवायचे. देठ नुसत्या स्पर्शाने गळायला लागले की समजायचं, कोंबांचे डोळे फुगलेत, काडी तयार आहे.

दिवाळीच्या आधी बाईंनी ते काम स्वतः केलं, शिवणाच्या कात्रीने. सात काड्या. रोज मला फोन. "तिसरीचा एक देठ गळला." "आपोआप गळला की तुम्ही हात लावलात?" "हात लावल्याशिवाय कळणार कसं? तुम्हीच सांगितलंत स्पर्शाने." या वेळी हात लावायची सोय शास्त्रातच होती, त्यामुळे आम्ही दोघंही खूश होतो.

काड्या कापल्या तेव्हा बाईंच्या घरात खोक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. त्यांनी प्रत्येक काडी स्वतः ओल्या पंच्यात गुंडाळली. झाडाकडे बघितलं नाही. मला म्हणाल्या, "सावकाश जा, पण लवकर पोचा."

मी पोचलो. ब्लेडने रोपाचा शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला पाचरीसारखी टोकदार करून त्या चिरेत बसवली, पट्टी बांधली, वर प्लास्टिकची लांबट टोपी घातली. असं सात वेळा. काप सरळ आले. हात माझे चांगले आहेत. अडचण काम संपल्यानंतरची आहे.

शेवटची टोपी घालून मी बाहेर आलो. सुनंदाने दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"पाणी मी घालीन," ती म्हणाली. "तुम्ही इकडे फिरकायचं नाही."

"अगं, मी मालक आहे."

"म्हणूनच."

पुढचा सव्वा महिना मी कसा काढला ते नर्सरीतल्या कुंड्यांना विचारा. तीनशे कुंड्या उंचीप्रमाणे लावल्या. मग रंगाप्रमाणे लावल्या. मग परत पहिल्यासारख्या. खताच्या गोण्या मोजल्या, झाऱ्या पुसल्या, गिऱ्हाइकांशी वाद घातले. एका दुपारी सुनंदा जेवायला गेली असताना हिरव्या जाळीला करंगळीएवढं भोक पाडलं आणि डोळा लावला. दुसऱ्या दिवशी त्या भोकापुढे आतून निवडुंगाची कुंडी होती.

मधेच बाईंचा फोन आला. त्या घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहायला गेल्या होत्या. "काल झाड पाडलं," म्हणाल्या. "मी गेले नाही. कलमांचं काय?"

"माहीत नाही, बाई. मला आत सोडत नाहीत."

"शहाणी मुलगी आहे," बाई म्हणाल्या.

एका सकाळी सुनंदा शेडमधून बाहेर आली आणि म्हणाली, "या. हात मागे." सात टोप्यांपैकी पाचांत काळ्या काड्या होत्या. दोनांत मात्र टोकाला दोन-दोन पानं फुटली होती, तांबूस, नखाएवढी. मला रडू आलं. डोळे पुसायला हात पुढे घेतला तर सुनंदा म्हणाली, "मागे."

आता एक कबुली. चार महिन्यांनी, कलम चांगलं जोमात आल्यावर, मी एक कुंडी बाईंना नेऊन दिली. स्वयंपाकघराला लागून कपडे वाळत घालायची बाल्कनी होती, तिथे ठेवली.

"सातांतली किती लागली?" बाईंनी विचारलं.

"एकच."

असं का बोललो माहीत नाही. दुसरी मला हवी होती. इतकं धडपडून एखादी गोष्ट जगली की ती पूर्ण देऊन टाकवत नाही. बाईंनी कुंडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या. मी लिफ्टपर्यंत पोचल्यावर मागून आवाज आला, "जावईबुवा, सुनंदाने मला कालच सांगितलं. दोन. दुसरी सांभाळा. आणि पट्टी सोडून बघू नका."

अशी दोन-तीन वर्षं गेली. डोंबिवलीची इमारत अजून चौथ्या मजल्यावर आहे. फाटकाजवळचा खड्डा कागदावर आहे. कलमं वाढली. आणि यंदाच्या माघात, शेडमध्ये हात मागे धरून उभा असताना, मला माझ्या कलमाच्या फांदीला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसल्या. पाच.

मी बाहेर येऊन बाईंना फोन केला.

"बाई, काही?"

"काही नाही. तुमच्याकडे?"

"काही नाही."

त्यांचा तो आवाज मला ओळखीचा होता. "तुम्हीच बांधलीत" म्हणाल्या होत्या, तोच.

मी तसाच निघालो. घोडबंदर रोडला गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. पोचायला दुपार झाली. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात शिवणाची सुई होती. बाल्कनीतल्या कलमाला सात कळ्या होत्या. आठवी बाईंच्या तळहातावर होती, सुईने कोरून उघडलेली, आतले केसर अजून कच्चे, हिरवट.

"वास भरलाय का बघत होते," त्या म्हणाल्या.

मी शर्टाच्या खिशातून माझी पाचवी काढली. नखाने उघडलेली. सुनंदा पाण्याची नळी आणायला वळली होती तेव्हाची.

आम्ही दोन्ही हुंगल्या. वास नव्हता.

"तुमच्या किती राहिल्या?"

"चार."

"माझ्या सात." बाईंनी सुई डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं. मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि फोन उचलला. "सुनंदा? अगं, तुझ्याकडे आणखी एक कुलूप आहे का?"

बाल्कनीच्या लाकडी दाराला कुलूप लागलं. किल्ली बाईंकडे कामाला येणाऱ्या मंगलकडे. तिने पाणी घालायचं आणि एक शब्द सांगायचा नाही. बाई रोज मला फोन करून तिची तक्रार करायच्या. "भिंतीशी बोलल्यासारखं आहे हो. तोंडावरून काही कळत नाही."

दहाव्या दिवशी सुनंदा आणि मी गेलो. आम्ही तिघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो होतो, मंगल पोळ्या लाटत होती. बाई नव्या इमारतीच्या सेक्रेटरीबद्दल काहीतरी सांगत होत्या आणि मधेच थांबल्या. मी सुनंदाकडे बघितलं. तिने येताना बरोबर आणलेली कंपासपेटी अजून पिशवीतच, बंद होती.

पोळीच्या खरपूस वासाच्या मागून, बंद दाराच्या फटीतून तो आला.

मंगलने हात पुसले आणि कमरेची किल्ली काढली. मी उठलो होतो. बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "इतक्यात उघडू नकोस."